मर्यादित डिस्क-साठवण आणि लिनक्स वितरणाची निवड : कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संगणकाचे उपयुक्त आयुष्य त्याच्या यंत्रभागांवर जितके अवलंबून असते, तितकेच ते त्यावर चालणाऱ्या कार्यप्रणालीवरही अवलंबून असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तिच्यानंतर आलेल्या विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी साठवण, ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक मानली जाते. परिणामी, चालू स्थितीत असूनही या अटींत न बसणारे असंख्य संगणक निरुपयोगी ठरण्याची वेळ आली आहे. महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून आर्थिक आणि शैक्षणिकही आहे.

शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रात शहरातील मोठ्या महाविद्यालयांबरोबरच चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील लहान महाविद्यालयेही येतात. अशा ठिकाणी संगणक-कक्षातील प्रत्येक यंत्राचा विचार ते आणखी किती वर्षे उपयोगी पडेल, या अंगाने करावा लागतो. जुन्या यंत्रासाठी लिनक्स हा पर्याय सर्वांना ऐकून माहीत असतो. परंतु ज्या यंत्रात साठवणीची जागाच अत्यल्प आहे, त्यासाठी शेकडो लिनक्स वितरणांतून नेमके कोणते निवडावे, याविषयी पुष्कळ गोंधळ आढळतो. 'सर्वांत लहान कोणते?' असा प्रश्न विचारून निवड केली जाते आणि पुढे त्या यंत्रावर मराठी अक्षरेच नीट उमटत नाहीत, असा अनुभव येतो. प्रस्तुत लेखात या निवडीमागील तत्त्वांचे विवेचन केले आहे. आकाराने लहान असणे हा निवडीचा पहिला निकष नव्हे. यंत्राकडून कोणते काम, कोणत्या भाषेत आणि किती काळ करून घ्यावयाचे आहे, हे आधी ठरवावे व मग उपलब्ध जागेचा हिशेब मांडावा, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. मर्यादित साठवण कोठे आढळते ?

नेहमीच्या जुन्या संगणकात ४० किंवा ८० जीबीची हार्ड डिस्क असते आणि लिनक्ससाठी ती पुरेशी ठरते. खरी अडचण इतर प्रकारच्या यंत्रांत येते. पहिला प्रकार 'थिन क्लायंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या संगणकांचा. बँका व मोठी कार्यालये ही यंत्रे बदलतात, तेव्हा ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. त्यांत हार्ड डिस्क नसून १ ते ८ जीबीची फ्लॅश-साठवण असते. दुसरा प्रकार २००७ नंतर बाजारात आलेल्या नेटबुकचा. असुसच्या ई-पीसी ७०१ या यंत्रात ४ जीबी साठवण होती आणि सुरुवातीस ते लिनक्ससह विकले जात असे. तिसरा प्रकार ३२ जीबी ईएमएमसी साठवण असलेल्या स्वस्त लॅपटॉपचा. त्यांची बहुतेक जागा विंडोज व तिच्या सुधारणाच व्यापून टाकतात. चौथा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. हार्ड डिस्क निकामी झाली आहे, बाकी यंत्र धडधाकट आहे आणि ते पेनड्राइव्हवरून चालविण्याचा विचार आहे.

या चारही प्रकारांत डिस्क कमी असली, तरी रॅम व प्रोसेसर यांची स्थिती सारखी नसते. एखाद्या थिन क्लायंटमध्ये साठवण २ जीबी आणि रॅमही २ जीबी असू शकते, तर एखाद्या जुन्या संगणकात डिस्क मोठी पण रॅम २५६ एमबी असते. 'हलके' हे विशेषण या दोन्हींसाठी सरसकट वापरले जाते. वास्तविक डिस्कवर हलके असणे आणि रॅमवर हलके असणे हे दोन वेगळे गुण आहेत. काही वितरणे तर डिस्कवरील जागा वाचविण्यासाठी रॅम अधिक खर्च करतात. म्हणून निवडीपूर्वी साठवण, रॅम आणि प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट, या तीन गोष्टींची नोंद प्रत्येक यंत्रापुरती स्वतंत्रपणे करणे अगत्याचे ठरते.

२. वितरण म्हणजे काय आणि जागा कोठे खर्च होते ?

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेले लिनक्स हे वस्तुतः केवळ कर्नेल, म्हणजे यंत्रभाग व सॉफ्टवेअर यांमधील दुवा आहे. या कर्नेलभोवती मूलभूत साधने, चित्रमय पडदा, उपयोजने आणि सुधारणा मिळविण्याची व्यवस्था रचून जो एकत्रित संच तयार होतो, त्यास वितरण म्हणतात. त्यामुळे एकच कर्नेल वीस एमबीच्या संचातही असते आणि चार जीबीच्या संचातही असते. फरक पडतो तो भोवतीच्या रचनेमुळे.

जागा वाचविण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला मार्ग मूलभूत साधने लहान करण्याचा. ब्रूस पेरेन्स यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास डेबियनच्या फ्लॉपीसाठी सुरू केलेल्या बिझीबॉक्स या प्रकल्पात अनेक लहानसहान आज्ञा एकाच कार्यक्रमात गुंफलेल्या आहेत. अल्पाइन लिनक्स हे वितरण बिझीबॉक्स आणि मसल नावाची लहान सी-लायब्ररी यांच्या आधारे उभे आहे. डिस्कवरील त्याची किमान स्थापना सुमारे १३० एमबीत होते. दुसरा मार्ग संपीडनाचा. संपूर्ण प्रणाली स्क्वॉशएफएस प्रकारच्या एका दाबलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या फाइलीत ठेवली जाते आणि वापरकर्त्याने केलेले बदल तिच्यावर एका वेगळ्या थरात साठविले जातात. पपी लिनक्सची 'फ्रुगल' स्थापना या तत्त्वावर चालते. तिसरा मार्ग वगळण्याचा. दस्तऐवज, परभाषांतील संदेश, न लागणारे फर्मवेअर व फॉन्ट काढून टाकले जातात.

तिसऱ्या मार्गातील एक धोका मराठी वापरकर्त्याने विशेष लक्षात ठेवावयास हवा. वगळण्याची वेळ आली की इंग्रजीखेरीज इतर भाषांची सामग्रीच प्रथम वगळली जाते. वितरण घडविणाऱ्याच्या दृष्टीने ती अनावश्यक असते. कोल्हापुरातील महाविद्यालयाच्या दृष्टीने तीच अत्यावश्यक असते.

उतरवून घेण्याच्या फाइलीचा आकार आणि स्थापनेनंतर लागणारी जागा यांतही अंतर असते. दाबलेली फाइल डिस्कवर पूर्ण उलगडली की ती दोन ते तीन पट जागा घेऊ शकते. शिवाय डिस्कच्या वेष्टनावरील ४ जीबी म्हणजे प्रणालीच्या मोजणीत सुमारे ३.७ जीबीच असतात. एक्स्ट४ ही फाइल-व्यवस्था त्यातील ५ टक्के जागा मूळ प्रशासकासाठी राखून ठेवते. मोठ्या डिस्कवर नगण्य वाटणाऱ्या या बाबी लहान डिस्कवर निर्णायक ठरतात.

३. महाराष्ट्रातील एक दाखला : खैराट

अत्यल्प साठवणीत लिनक्स बसविण्याचा एक बोधप्रद प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला पथदर्शी प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथील छोट्या, एकशिक्षकी प्राथमिक शाळेत सुरू झाला. तेथे वापरलेल्या एक्सओ या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नव्हती. साठवण १ जीबी फ्लॅशची, रॅम २५६ एमबीची आणि प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झ गतीचा होता. प्रणाली फेडोरा या लिनक्स वितरणावर आधारलेली होती आणि तिच्यावर 'शुगर' हा मुलांसाठी खास घडविलेला दर्शनी भाग होता.

हे १ जीबीत कसे साधले, हे पाहण्यासारखे आहे. फेडोरा हे काही लहान वितरण नव्हे. परंतु मुलाने काय करावे हे आधी निश्चित केले गेले होते: लिहावे, चित्र काढावे, वाचावे आणि एकमेकांशी जोडून काम करावे. लेखनासाठी मोठा कार्यालयीन संच न घेता अबिवर्डवर आधारलेले साधे उपयोजन दिले गेले. फाइल-व्यवस्था फ्लॅशसाठीच बनविलेली आणि साठवितानाच मजकूर दाबणारी अशी निवडली गेली. म्हणजे लहान वितरण शोधण्याऐवजी कामाच्या मापाने वितरण बेतले गेले. त्या उपक्रमाच्या शैक्षणिक फलिताविषयी मतभेद असू शकतात; तथापि निवडीची ही पद्धत महाविद्यालयांनाही अनुकरणीय आहे.

४. मराठीची कसोटी

यंत्रावर मराठी चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात: फॉन्ट, जोडाक्षरांची मांडणी करणारे यंत्रणेचे अंग आणि टंकलेखनाची सोय. यांपैकी जागेच्या दृष्टीने कोणती महाग व कोणती स्वस्त, हे समजले तर निवड सुकर होते.

फॉन्ट स्वस्त असतो. लोहित देवनागरी किंवा नोटो सान्स देवनागरी यांचे एक वळण काहीशे केबीत मावते. मात्र 'नोटो' या नावाने जगातील सर्व लिप्यांचा एकत्रित संच बसविला, तर त्यातील चिनी-जपानी लिप्यांमुळे शेकडो एमबी खर्च होतात. तेव्हा संच न बसविता केवळ देवनागरी फॉन्ट बसवावा. फॉन्ट फार जुन्या आवृत्तीचा नसावा, कारण 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले आणि त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये ते आढळत नाही.

मांडणीचे अंग डोळ्यांना दिसत नाही, पण खरी अडचण तेथेच उद्भवते. जीटीके आणि क्यूटी या प्रचलित साधनसंचांत हार्फबझ नावाच्या घटकामुळे जोडाक्षरे व वेलांट्या योग्य जागी बसतात. अत्यंत लहान वितरणांत जागा वाचविण्यासाठी एफएलटीके यांसारखे साधे संच वापरलेले असतात. त्यांत वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस जाणे, जोडाक्षर फुटून हलन्त दिसणे असे प्रकार घडू शकतात. ब्राउझरमध्ये मराठी नीट दिसते आणि फाइलींच्या यादीत मात्र विस्कटते, याचे कारण हेच होय.

टंकलेखनाच्या बाबतीत इनस्क्रिप्ट कळफलक जागेच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा आहे. भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ मध्ये अंतर्भूत असलेला हा कळफलक लिनक्सच्या चित्रमय व्यवस्थेच्या कळफलक-माहितीतच असतो, त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. उच्चारानुसार रोमन कळांनी मराठी लिहिण्याची सोय हवी असल्यास आयबससारखी स्वतंत्र यंत्रणा बसवावी लागते आणि ती डिस्क व रॅम दोन्ही खाते.

यावरून एक सोपी परीक्षा सुचविता येते. कोणतेही वितरण बसविण्यापूर्वी ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे आणि 'विद्यार्थी, कोल्हापूर, दऱ्या, तऱ्हा, ज्ञानेश्वर, ॲप' ही अक्षरमाला चार ठिकाणी तपासावी: फाइलीच्या नावात, लेखनाच्या उपयोजनात, ब्राउझरमध्ये आणि पीडीएफ छपाईत. 'दऱ्या' व 'तऱ्हा' यांतील र चे मराठी वळण हिंदीत येत नसल्याने, हिंदीपुरती तपासणी केलेली वितरणे नेमकी येथे उघडी पडतात. श्री-लिपी व तत्सम जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये तयार केलेल्या प्रश्नपत्रिका व इतिवृत्ते मात्र कोणत्याही वितरणावर आपोआप वाचता येणार नाहीत. यंत्र बदलण्यापूर्वी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे इष्ट होय.

५. उपलब्ध पर्यायांचे वर्गीकरण

जागेच्या मापानुसार पर्यायांचे चार गट करता येतात.

(अ) १ जीबीपेक्षा कमी : येथे टायनी कोअर आणि पपी लिनक्स यांचा विचार होतो. टायनी कोअरचा चित्रमय पडद्यासहचा मूळ संच २५ एमबीच्या आसपास आहे. तथापि तो पाया आहे, घर नव्हे; ब्राउझर, मराठी फॉन्ट, पूर्ण स्वरूपाची चित्रमय व्यवस्था ही सर्व जोडणी वेगळी करावी लागते आणि ती केल्यावर आकार अनेक पटींनी वाढतो. बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले पपी लिनक्स काहीशे एमबीत वापरण्यायोग्य उपयोजनांसह येते. यंत्र सुरू होताना ते पुरेशी रॅम असल्यास स्वतःस रॅममध्ये उतरवून घेते, त्यामुळे पेनड्राइव्हवरून चालविण्यास ते उत्तम आहे. मात्र त्यात वापरकर्ता नेहमी मूळ प्रशासकाच्या अधिकाराने काम करतो. एका प्राध्यापकाच्या यंत्रावर हे चालेल. सार्वजनिक संगणक-कक्षात हे विचारपूर्वकच स्वीकारावे.

(आ) १ ते ४ जीबी : येथे अल्पाइन किंवा डेबियनची केवळ मूलभूत स्थापना करून तीवर एखादा हलका खिडकी-व्यवस्थापक व ब्राउझर बसविणे योग्य. अल्पाइन आकाराने लहान आहे, परंतु त्याची सी-लायब्ररी वेगळी असल्याने इतर लिनक्ससाठी तयार स्वरूपात मिळणारी काही सॉफ्टवेअरे, उदाहरणार्थ काही मुद्रकांची चालके, त्यावर चालत नाहीत. डेबियन अधिक जागा घेते, पण बहुतेक गोष्टी त्यावर अडचणीविना चालतात.

(इ) ४ ते १६ जीबी : डेबियनवर आधारलेले अँटिएक्स हे या गटातील सोयीचे वितरण आहे. त्याच्या पूर्ण स्वरूपास सुमारे ७ जीबी जागा लागते. त्याची 'कोअर' व 'नेट' ही लहान रूपे कमी जागेतही बसविता येतात. १० जीबीच्या पुढे डेबियन एलएक्सडीई किंवा एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपसह सुखेनैव चालते.

(ई) ३२ जीबी : लिनक्सच्या दृष्टीने ही टंचाई नव्हेच. लुबंटू किंवा सी-डॅकने २००७ पासून विकसित केलेली, मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली डेबियन-आधारित बॉस प्रणाली, असे परिपूर्ण पर्याय येथे उपलब्ध आहेत.

या वर्गीकरणास वितरणाच्या दीर्घायुष्याची जोड द्यावी लागते. ५० एमबीत मावणारे 'डॅम स्मॉल लिनक्स' एके काळी या विषयातील आदर्श मानले जाई. परंतु त्याचे काम पुढे अनेक वर्षे थंडावले आणि २०२४ मध्ये ते परतले, ते अँटिएक्सच्या पायावर व ७०० एमबी सीडीच्या मर्यादेत. एकदोन व्यक्तींच्या उत्साहावर चालणारे वितरण बंद पडले, की त्यावरील यंत्रांना सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत. ३२-बिट यंत्रांबाबत तर ही चिंता अधिकच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकांसाठी स्थापना-संच नाही. डेबियन १२ ला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्सचा आधार काढून घेतला. म्हणून ३२-बिट यंत्र इंटरनेटच्या रोजच्या कामास न योजता टंकलेखन, आज्ञावली-लेखनाचा सराव अशा कामांस योजणे श्रेयस्कर.

६. एक नमुना-हिशेब : ग्रंथालयाचे शोध-यंत्र

वरील तत्त्वांचा उपयोग कसा करावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ग्रंथालयात कोहासारख्या प्रणालीवरील ग्रंथसूची विद्यार्थ्यांना पाहता यावी, यासाठी ४ जीबी साठवण व २ जीबी रॅम असलेला ६४-बिट थिन क्लायंट वापरावयाचा आहे, असे समजू. काम एकच: ब्राउझर उघडणे आणि मराठी व इंग्रजीत शोध घेणे.

उपलब्ध जागा सुमारे ३.७ जीबी. त्यातून फाइल-व्यवस्थेची राखीव जागा ०.२, डेबियनची मूलभूत स्थापना साधारण १.१, चित्रमय व्यवस्था व खिडकी-व्यवस्थापक ०.३, ब्राउझर ०.३ आणि आवश्यक फर्मवेअर ०.१ जीबी वजा केल्यास १.७ जीबी उरते. हे आकडे स्थूल आहेत, परंतु हिशेबाची दिशा त्यांवरून कळते. ही उरलेली जागा मोकळी दिसली तरी ती मोकळी नसते. कर्नेलची सुधारणा येते तेव्हा नवे कर्नेल जुन्याशेजारी बसते आणि काहीशे एमबी घेते. उतरविलेली पॅकेजेस व नोंदवह्या वेगळी जागा घेतात. त्यासाठी सुमारे १ जीबी कायम राखून ठेवणे आवश्यक आहे. आता 'असू द्यावे' म्हणून लिबरऑफिस बसविले, तर त्याच्या अधिकृत शिफारशीनुसार सुमारे दीड जीबी जागा हवी. म्हणजे पहिल्या मोठ्या सुधारणेच्या वेळी डिस्क भरून यंत्र अडणार. अनेक ठिकाणी 'लिनक्स चालले नाही' असा निष्कर्ष काढला जातो, त्यामागे पुष्कळदा हाच न मांडलेला हिशेब असतो.

७. व्यवहारातील काही सूचना

निवडीनंतरची निगा तितकीच महत्त्वाची आहे. फ्लॅश-साठवणीवर वारंवार लिहिल्याने ती झिजते. म्हणून डिस्कवर स्वॅप न ठेवता झेडरॅम ही रॅममध्येच मजकूर दाबून ठेवणारी सोय वापरावी, तात्पुरत्या फाइली रॅममध्ये ठेवाव्यात, उतरविलेल्या पॅकेजेसचा साठा आणि जुनी कर्नेले नियमितपणे काढून टाकावीत. डोंगराळ तालुक्यांत जेथे इंटरनेटची गती बेताची असते, तेथे एका संगणकावर पॅकेजेसचा स्थानिक साठा ठेवला तर संपूर्ण कक्षासाठी सुधारणा एकदाच उतरवाव्या लागतात.

लहान डिस्कमुळे एक शिस्त आपोआप लागते: प्रणाली यंत्रावर आणि विद्यार्थ्यांचे काम अन्यत्र, महाविद्यालयाच्या सर्व्हरवर ठेवावे लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराचा अनुभव घेतलेल्या परिसरात ही शिस्त सक्तीची वाटू नये. सर्व्हर वरच्या मजल्यावर आणि त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी असेल, तर तळमजल्यावरील यंत्र गमावले तरी काम गमावले जात नाही. आणि दाबलेल्या एका फाइलीच्या स्वरूपातील प्रणाली नव्या पेनड्राइव्हवर थोड्याच वेळात उतरविता येते.

शेवटी, एका महाविद्यालयात शक्यतो एकाच वितरण-कुळातील पर्याय वापरावेत. केरळ राज्याने शालेय शिक्षणासाठी एकसमान लिनक्स संच व त्याबरोबर शिक्षक-प्रशिक्षण यांची सांगड घातली, म्हणूनच तेथे तो रुजला. डेबियन, अँटिएक्स व बॉस यांचे कूळ एकच असल्याने एकाची सवय दुसऱ्यास उपयोगी पडते. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील मराठी ध्वनीसह असलेले लिनक्सचे पाठ या प्रशिक्षणास साहाय्यभूत ठरू शकतील.

निष्कर्ष

(१) वितरणाचा घोषित आकार हा निवडीचा निकष होऊ शकत नाही. काम, भाषा आणि कालावधी निश्चित करून जागेचा हिशेब मांडणे ही निवडीची योग्य पद्धत होय.

(२) मराठी फॉन्ट व इनस्क्रिप्ट कळफलक यांना जागा जवळजवळ लागत नाही. जोडाक्षरांची मांडणी न करणारा साधनसंच मात्र संपूर्ण वितरण निरुपयोगी करू शकतो. म्हणून स्थापनेपूर्वी मराठीची परीक्षा घेणे अनिवार्य मानावे.

(३) १ जीबीच्या आत पपी, ४ जीबीपर्यंत मूलभूत डेबियन किंवा अल्पाइन, त्यापुढे अँटिएक्स आणि ३२ जीबीस परिपूर्ण वितरणे, असा सर्वसाधारण क्रम राहील.

(४) सुधारणांसाठी जागा न राखलेली स्थापना काही महिन्यांत अडते. ४ जीबीच्या डिस्कवर किमान एक चतुर्थांश भाग रिकामा ठेवणे हितावह आहे.

(५) ३२-बिट यंत्रांचा काळ सरत आहे. त्यांना मर्यादित काम द्यावे आणि उपलब्ध निधी ६४-बिट यंत्रांच्या रॅम व साठवणीवर खर्च करावा.

जुने यंत्र टाकून देणे सोपे असते आणि त्यावर कोणतेही लहान वितरण चढवून ते कोपऱ्यात ठेवणेही सोपेच असते. विद्यार्थ्यास त्यावर स्वतःच्या भाषेत एखादा ग्रंथ शोधता आला किंवा एखादा अर्ज लिहिता आला, तरच ते यंत्र वाचविले असे म्हणता येईल.